पदवी नाही, तरी परदेशात नोकरी: वाटा, कागदपत्रे आणि सापळे

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "सर, पोराला कॉलेजात रस नाही. बाहेर कुठे लावता येईल का?" बाहेर म्हणजे सौदी, दुबई, कतार, कुवेत, नाहीतर जहाज. हा प्रश्न नवा नाही. कोकणातले मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केपटाऊनपर्यंत पोहोचले होते. १९७० च्या दशकात तेलाच्या पैशाने आखातात बांधकामे सुरू झाली आणि रत्नागिरी-रायगडमधल्या गावोगावच्या घरांतून माणसे तिकडे गेली. त्यातल्या बहुतेकांकडे पदवी नव्हती.

आजही पदवीशिवाय परदेशात जाता येते. पण हातात कसब नाही, कागद अर्धवट आणि एजंटच्या शब्दावर सगळा भरवसा, अशा तयारीने गेलेल्या मुलाचे हाल होतात. अम्मीचे दागिने गेलेले असतात, व्याजी कर्ज डोक्यावर असते आणि मुलगा तिकडे ठरलेल्या पगाराच्या अर्ध्यावर राबत असतो. म्हणून कोणकोणत्या वाटा आहेत, कुठे काय लागते आणि पैसे भरण्याआधी काय तपासायचे, हे इथे एकत्र दिले आहे. घरात सगळ्यांनी मिळून वाचावे.

दहावी पूर्ण करा, तिची खरी किंमत इथे आहे

नववीत शाळा सोडणाऱ्या मुलाला वाटते, गवंड्याला किंवा ड्रायव्हरला दहावी कशाला लागते? तिचा पहिला उपयोग पासपोर्टवर होतो.

दहावी पास नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' असा शिक्का असतो. म्हणजे हा माणूस ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जात असेल तर त्याने आधी सरकारची परवानगी घेतली पाहिजे. या १८ देशांत सौदी अरब, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, इराक, जॉर्डन, लेबनॉन, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड हे देश येतात. दहावी पास असलेल्याला ही अट नाही. दोन वर्षांचा मान्यताप्राप्त आयटीआय किंवा डिप्लोमा केलेले, आयकर भरणारे, ५० वर्षांवरील, तीन वर्षांहून जास्त परदेशात राहिलेले आणि जहाजाचे सीडीसी असलेले लोकही यातून सुटतात.

ईसीआर पासपोर्ट म्हणजे कमीपणा नव्हे. कमी शिकलेल्या कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणून १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने ही तपासणी ठेवली आहे. पण दहावी झाली की जहाज, आयटीआय, परदेशी भाषांचे कोर्स असे बरेच दरवाजे उघडतात. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. एक-दोन वर्षे उशीर झाला तरी चालेल, पण हे राहू देऊ नका.

दुसरी गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद' पूर्ण, आधारवर नुसते 'मो.', पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. कुठे 'शेख' पुढे, कुठे मागे, कुठे गायबच. आपल्या नावांत हा घोळ फार होतो आणि व्हिसाच्या वेळी तो महागात पडतो. पासपोर्टवर एकच नाव असून आडनावाचा रकाना रिकामा असेल तरीही अडचण येते. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकेरी नावाच्या प्रवाशांना व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसावर प्रवेश बंद केला. मुलगा शाळेत असतानाच दाखल्यावरचे नाव तपासून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी खूप चकरा माराव्या लागतात.

पदवीऐवजी काय लागते? कसबाचा पुरावा

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी मेकॅनिक, फिटर, क्रेन ऑपरेटर, हेवी ड्रायव्हर, कुक या कामांना पदवी लागत नाही. मात्र काम येते याचा पुरावा लागतो. सौदीने तर काही वर्षांपासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा कामांसाठी भारतातच लेखी आणि प्रात्यक्षिक चाचणी सुरू केली आहे. ती पास झाल्याशिवाय त्या पेशाचा व्हिसा मिळत नाही.

मामाच्या हाताखाली दहा वर्षे वायरिंग केले, पण सर्टिफिकेट नाही, अशी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी 'आरपीएल' ही सोय आहे. अनुभवाने आलेले काम तपासून सरकारमान्य प्रमाणपत्र दिले जाते. नवीन मुलासाठी सगळ्यात सरळ वाट म्हणजे आयटीआय आणि त्यानंतर इथेच दोन वर्षांचा अनुभव. कोरा मुलगा गेला तर 'हेल्पर' म्हणून जातो आणि हेल्परचा पगार सगळ्यात कमी. पाइप वेल्डिंगची सिक्स-जी चाचणी पास झालेला वेल्डर आणि नुसता वेल्डर, यांच्या पगारातही चांगलाच फरक पडतो.

ड्रायव्हरांनी एक लक्षात ठेवावे. इथले लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परमिट दाखवून आखातात नोकरी करता येत नाही, तिथले लायसन्स काढावे लागते. त्याचा खर्च कोण करणार, हे जाण्याआधी लिहून घ्या.

आखातात जाण्याची कायदेशीर वाट

क्रम असा आहे:

१. एजंट नोंदणीकृत आहे का ते पाहा. परदेशात कामगार पाठवणाऱ्या प्रत्येक एजंटला केंद्र सरकारचे लायसन्स लागते. सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर एजंटचे नाव किंवा लायसन्स नंबर टाकून कोणालाही तपासता येते. लायसन्स मुंबईतल्या ऑफिसचे आणि पैसे घेणारा गावातला 'सब-एजंट', असा प्रकार असेल तर पैसे देऊ नका. सब-एजंट ठेवायला कायद्याने परवानगी नाही, मग तो आपला रिश्तेदार का असेना.

२. फी किती? नोंदणीकृत एजंटने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १८ टक्के धरून ३५,४०० रुपये आहे. पावती देणे बंधनकारक आहे. बाजारात लाख-दीड लाख मागितले जातात, तेही रोख आणि बिनपावतीचे. व्हिसा विकत घेण्याची पद्धतच बेकायदेशीर आहे. सौदीच्या कामगार कायद्यानुसार कामगार आणण्याचा आणि इकाम्याचा खर्च मालकाने करायचा असतो. अमिरातीतही कामगार आणण्याचा खर्च कामगारावर टाकायला मनाई आहे.

३. मेडिकल. आखाती देशांसाठी 'वाफिद' यंत्रणेतून मिळालेल्या केंद्रावरच तपासणी होते. टीबी, हिपॅटायटिस, एचआयव्ही यांची चाचणी असते. एजंटला पैसे देण्याआधी जवळच्या डॉक्टरकडे छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासून घ्या. जुन्या टीबीचा डाग छातीवर दिसला तरी मुलगा 'अनफिट' ठरू शकतो आणि मग भरलेले पैसे परत मिळवणे कठीण जाते.

४. करार. नोकरीचा करार हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. त्यात काय पाहायचे ते पुढे दिले आहे.

५. एमिग्रेशन क्लिअरन्स. ईसीआर पासपोर्ट असेल तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्याचे एक कार्यालय मुंबईत आहे. अर्ज ई-मायग्रेटवरून होतो.

६. विमा. 'प्रवासी भारतीय बीमा योजना' ईसीआर कामगारांना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आणि वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवा. कागद घरच्यांना माहीतच नसेल तर दावा करणार कोण?

७. प्रशिक्षण. जाण्याआधीचे एक दिवसाचे सरकारी प्रशिक्षण असते. तिथला कायदा, रीतिरिवाज, मदत कुठे मिळते हे सांगतात. ते चुकवू नका.

व्हिसावर पेशा कोणता लिहिला आहे?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तोंडी सांगतात 'कंपनीत ड्रायव्हर' आणि व्हिसावर लिहिलेले असते भलतेच. आपल्या मुलांनी मदरशात नाझरा केलेला असतो, त्यामुळे अरबी अक्षरे वाचता येतात, अर्थ मात्र कळत नाही. हे काही शब्द लक्षात ठेवा. 'मिहना' म्हणजे पेशा. त्यापुढे 'आमिल' असेल तर मजूर. 'साइक खास' म्हणजे घरचा खासगी ड्रायव्हर. 'आमिल मंझिली' म्हणजे घरकामगार. 'राई' म्हणजे गुरे-मेंढ्या राखणारा.

हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. सौदीत घरचा ड्रायव्हर आणि घरकामगार हे नेहमीच्या कामगार कायद्याखाली येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. कामाचे तास, जादा वेळेचा पैसा, मालक बदलणे यांत कंपनीच्या कामगाराला जे संरक्षण आहे तेवढे त्यांना नाही. आणि 'राई' लिहिलेल्या व्हिसावर गेलेला मुलगा वाळवंटात एकटा पडू शकतो. शब्द कळला नाही तर मोहल्ल्यातल्या मौलानांना किंवा आखातातून परतलेल्या जाणकाराला व्हिसाची प्रत दाखवा.

'आझाद व्हिसा' हा असाच एक फसवा शब्द. म्हणे कफील फक्त नावाला, काम कुठेही करा आणि त्याला महिन्याला ठरलेली रक्कम द्या. कायद्यात असा व्हिसाच नाही. स्वतःच्या कफीलऐवजी दुसरीकडे काम करताना पकडले गेले तर दंड आणि हद्दपारी होते. कफीलने 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची तक्रार टाकली तर मुलगा पुरता अडकतो.

उमरा किंवा व्हिजिट व्हिसावर नेऊन 'तिकडे गेल्यावर नोकरीचा करून देतो' म्हणणारेही पुष्कळ आहेत. पर्यटन किंवा उमऱ्याला जाताना ईसीआर पासपोर्टवर क्लिअरन्स लागत नाही, त्याचाच हा गैरफायदा. अशा मुलाकडे ना करार, ना विमा, ना सरकारी नोंद. उमऱ्याच्या व्हिसावर नोकरी करणे सौदीत गुन्हा आहे.

करारात काय पाहायचे

- मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे लिहिले आहेत का? अमिरातीत जादा वेळेचा मोबदला आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार असा हिशोब आहे. 'एकूण १,५०० दिरहम' ऐकून खूश होऊ नका, त्यातला मूळ पगार किती ते विचारा.
- राहणे आणि जेवण कोणाचे? कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान मूळ वेतन महिना १,००० रियाल आहे. मालक राहण्याची आणि जेवणाची सोय करत नसेल तर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० वेगळे द्यावे लागतात.
- कामाचे तास. दिवसाला आठ, आठवड्याला ४८ हा सर्वसाधारण नियम. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम करवून घेण्यास बंदी आहे.
- येण्या-जाण्याचे तिकीट, वार्षिक रजा, औषधोपचार.
- पासपोर्ट. मालकाने तो स्वतःकडे ठेवणे सौदी, कतार आणि अमिरातीत बेकायदेशीर आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराचे फोटो काढून घरी पाठवून ठेवा.

इथे दाखवलेला करार आणि तिथे सही करायला दिलेला करार वेगळा निघाला तर सही करू नका, आधी दूतावासाला कळवा. वादात अरबी प्रतच ग्राह्य धरतात, हे ध्यानात असू द्या.

जहाजावरची नोकरी

कोकणातल्या घरांना हा धंदा नवा नाही, पण आता तो कागदाशिवाय होत नाही. दहावी पास मुलासाठी 'जीपी रेटिंग' हा सहा महिन्यांचा कोर्स आहे. दहावीला विज्ञान, गणित आणि इंग्रजी विषय असावे लागतात, एकूण गुण आणि इंग्रजीचे गुण किमान ४० टक्के, वय साधारण साडेसतरा ते २५. नजर चांगली लागते आणि रंगांधळेपणा चालत नाही. म्हणून फी भरण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. स्वयंपाक आणि केबिनच्या कामासाठी 'सलून' विभागाचे वेगळे कोर्स आहेत.

संस्था डीजी शिपिंगने मंजूर केलेली आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. त्यानंतर इंडोस नंबर आणि सीडीसी मिळते. सीडीसी म्हणजे खलाशाचे अधिकृत ओळखपुस्तक. 'कोर्स नको, परदेशी सीडीसी काढून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे 'आरपीएसएल' लायसन्स असावे लागते आणि तिला खलाशाकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. 'जॉइनिंगचे दोन लाख' मागितले की समजून जा.

कोर्सची फी लाखांत जाते आणि पहिले जहाज मिळायला कधी कधी वर्ष जाते. घरची तयारी पाहूनच निर्णय घ्या.

जपान आणि जर्मनी: इथे भाषा हीच पदवी

जपानने एप्रिल २०१९ पासून 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' हा व्हिसा सुरू केला. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. पदवीची अट नाही. वय किमान १८, जपानी भाषेची एन-४ पातळी किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा आणि त्या कामाची कौशल्य परीक्षा लागते. वृद्धांची देखभाल, हॉटेल, शेती, बांधकाम, इमारतींची सफाई अशी क्षेत्रे आहेत. पहिल्या टप्प्यात पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण कुटुंब नेता येत नाही. जपानी भाषेची परीक्षा मुंबई आणि पुण्यात होते.

जर्मनीत 'आउसबिल्डुंग' म्हणजे शिकता शिकता काम. दोन ते साडेतीन वर्षांचा कोर्स असतो आणि त्या काळात महिन्याला विद्यावेतन मिळते. नर्सिंग, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, हॉटेल असे विषय आहेत. सहसा बारावी आणि जर्मनची बी-१ पातळी मागतात. मुंबई आणि पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकता येते, परीक्षाही देता येते. जर्मनीने २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांच्या वार्षिक व्हिसाची संख्या २०,००० वरून ९०,००० केली.

दोन्हीकडे भाषेला आठ-दहा महिने ते वर्ष द्यावे लागते. पण तेवढ्यात आणि तेवढ्या पैशांत जे मिळते ते मुलाजवळ राहते, एजंटच्या खिशात जात नाही. हलाल जेवण, जुमाची नमाज, रमजानमधली शिफ्ट याची चौकशी मुलाखतीतच मोकळेपणाने करा. उघड विचारल्याने नोकरी जात नाही, पण गप्प राहून गेलेली मुले तिकडे कंटाळून परत येतात.

मुलींसाठी

जीएनएम नर्सिंग ही पदवी नाही, बारावीनंतरचा डिप्लोमा आहे. दोन वर्षे रुग्णालयाचा अनुभव आणि त्या देशाची परवाना परीक्षा दिली की आखातात काम मिळू शकते. १८ ईसीआर देशांत नर्स म्हणून जाताना, पासपोर्ट कोणताही असो, एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. नर्सभरती सरकारी संस्थांमार्फत होते, खासगी दलालाला लाखो रुपये देण्याचे कारण नाही.

घरकामासाठी ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान ३० असावे लागते. कमी वयाच्या बहिणीला व्हिजिट व्हिसावर 'आया' म्हणून पाठवतो म्हणणारा माणूस तिला कायद्याच्या संरक्षणाबाहेर नेत असतो, हे ओळखा.

सध्याचे सापळे

'थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार ८० हजार.' अशा जाहिरातींवर गेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमार, कंबोडिया किंवा लाओसमध्ये कोंडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करायला लावल्याचे प्रकार घडले आहेत. सरकार २०२२ पासून याबद्दल इशारे देत आहे. रशियात 'हेल्पर' म्हणून नेलेल्या भारतीयांना युद्धाच्या आघाडीवर पाठवल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि सीबीआयने गुन्हा नोंदवला.

ब्रिटनच्या 'केअर वर्कर' व्हिसाचे जुने व्हिडिओ अजून व्हॉट्सअॅपवर फिरतात. ही वाट २२ जुलै २०२५ पासून परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जांसाठी बंद झाली आहे. व्हिडिओ कितीही चांगला असो, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आजचा नियम वाचा. इंग्रजी जमत नसेल तर शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला विचारा, कोणीही मदत करेल.

अडचण आली तर

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातील टोल-फ्री नंबर १८००-११-३०९० आहे. तिकडे असाल तर थेट भारतीय दूतावासात जा. एजंटने इथेच फसवले असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि ई-मायग्रेटवरही नोंदवा. पावती, मेसेज, बँकेतून पाठवलेल्या पैशांची नोंद हाच पुरावा. म्हणून रोख देऊ नका.

पैसे देण्याआधी घरात बसून हा हिशोब करा

समजा एजंट १,२०,००० मागतो आणि मुलगा तिकडे खर्च जाऊन महिना १२,००० वाचवणार आहे. म्हणजे पहिले दहा महिने तो फक्त एजंटसाठी राबणार. कर्जाचे व्याज धरले तर वर्ष गेले. करार दोन वर्षांचा, म्हणजे निम्मा काळ फुकट. हीच रक्कम आयटीआय, वेल्डिंगची चाचणी किंवा भाषेच्या कोर्सवर घातली तर तोच मुलगा हेल्परऐवजी कारागीर म्हणून जाईल आणि खर्च मालक करेल.

मालक स्वतःच्या खर्चाने बोलावतो तेव्हा त्याला तुमच्या मुलाच्या कामाची गरज असते. नोकरीसाठी तुम्हालाच लाखो मोजावे लागत असतील, तर समोरच्याला काम नको, तुमचा पैसा हवा आहे. हलाल रोजीसाठी घर सोडून जाणाऱ्या मुलाच्या हातात दहावीचे सर्टिफिकेट, एक हुनर आणि खरा करार, एवढे तरी असू द्या.